धार मोडलेली प्लेट

दुसऱ्या रनलाही तोच आवाज आला.

डॉक्टर हाश्मींनी व्हॉल्व्ह उघडला आणि टाकीत कोंडलेली हवा सुटली. पहिले तीन सेकंद नुसता मोठा फुत्कार. चौथ्या सेकंदाला धडधड सुरू झाली, पत्र्याच्या दारावर कुणी दोन्ही मुठींनी बडवत राहावं तशी. आम्ही काचेच्या मागं होतो, तरी पायाखालची फरशी हादरत होती. बाराव्या सेकंदाला हवा संपली आणि आवाज थांबला.

हाश्मींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, प्लेट लगाके भी वहीच है," ते म्हणाले. "मग माझं गणितच चुकलं म्हणायचं."

माझ्या मांडीवर फाइल होती. फाइलमध्ये त्या प्लेटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट होता. रिपोर्टवर माझी सही आणि माझा गोल शिक्का. ओके.

बुधवारची दुपार होती. शनिवारी सकाळी अकराला दिल्लीहून तिघांची कमिटी येणार होती. त्यांच्यासमोर एक जरी रन धडधडीशिवाय पार पडला तर हाश्मींचं काम पुढं चालू राहणार होतं. नाहीतर टनेलला कुलूप आणि हाश्मी परत वर्गात, फळ्यापुढं. चार वर्षं या माणसानं दुसरं काही केलं नव्हतं.

हे नव्वदच्या दशकातलं आहे. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. मी चिकलठाणा एमआयडीसीत एका टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला होते. टूलरूम म्हणजे जिथं साचे, डाय, गेज असली नाजूक मापाची कामं होतात. एकेक नग, हजारात नाही. बनलेला नग माझ्या टेबलावर यायचा, मी तो मोजायची, शिक्का मारायची, मगच तो गेटबाहेर जायचा. सगळ्या टूलरूममध्ये मी एकटीच बाई. त्यामुळं माझ्या मापात कुणी चूक काढू नये, याची मला जरा जास्तच खुमखुमी होती. हे आधीच कबूल करून टाकते.

हाश्मींची प्रयोगशाळा पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला होती. संस्थेचं नाव सांगत नाही. तिथं एक विंड टनेल होतं. मोठ्या टाकीत कॉम्प्रेसरनं हवा भरायची, भरायला दीड तास. मग ती एका चिंचोळ्या वाटेनं एकदम सोडायची, ती आवाजाच्या दुप्पट वेगानं धावते. चालतं फक्त बारा सेकंद. दीड तास भरा, बारा सेकंद बघा. मध्ये लाइट गेली तर दीड तासाचे तीन होत.

आता यातलं जे मला कळलं ते माझ्या भाषेत सांगते. विमान आवाजापेक्षा वेगानं चाललं की त्याच्या इंजिनाच्या तोंडाशी हवा भयंकर वेगानं येते. इंजिनाला ती मंद हवी असते. ती मंद होते, पण हळूहळू नाही. कागदापेक्षा पातळ अशा एका पडद्यात तिचा वेग एकदम पडतो आणि दाब एकदम चढतो. त्या पडद्याला शॉक वेव्ह म्हणतात. इथवर ठीक. पण भिंतीला चिकटून जाणारी हवेची एक पातळ साय असते. भिंतीला घासून घासून ती आधीच थकलेली. तिला बाउंड्री लेयर म्हणतात. शॉकचा दाब समोर आला की बाकीची हवा जोरात असल्यामुळं पार होते, ही थकलेली साय अडते. अडली की भिंतीपासून सुटून वर फुगते आणि वाटच अडवते. मग शॉक तोंडाबाहेर फेकला जातो, वाट मोकळी होते, शॉक परत आत येतो, परत बाहेर. सेकंदाला कित्येकदा. तीच ती धडधड. खऱ्या विमानात असं झालं तर इंजिन बंद पडू शकतं.

यावर उपाय असा की जिथं शॉक भिंतीला भेटतो, बरोबर तिथं भिंतीला बारीक भोकं पाडायची आणि ती थकलेली साय खाली ओढून घ्यायची. ती भोकांची प्लेट आमच्या टूलरूमनं बनवली होती. पितळेची, तळहाताएवढी, दोन मिलिमीटर जाड. एक मिलिमीटरची चारशे छत्तीस भोकं. सरळ नाहीत, तिरपी. हवा ज्या दिशेनं धावते त्याच दिशेला आत उतरणारी, म्हणजे तिला आत शिरायला सोपं.

ती भोकं पाडायला आमची आठ ड्रिल मोडली होती. मी प्रत्येक भोकात पिन गेज घालून पाहिलं होतं. गेज म्हणजे नेमक्या मापाची सुई. चारशे छत्तीस वेळा. कोन मोजला, अंतरं मोजली. शेवटी सवयीनं प्लेटवरून अंगठा फिरवला. लोण्यासारखी मऊ. कुठं टोचलं नाही, कुठं अडलं नाही. मी शिक्का मारला.

त्या बुधवारी माझ्याबरोबर आमचे वर्क्स मॅनेजर बोराडे साहेब होते. मूळचे पिशोरचे. घरची चांगली पंचवीस एकर, पण भावाच्या हवाली करून हे नोकरीत रमलेले. माणूस वाईट नव्हता. फक्त कंपनीवर बोट आलं की त्यांचा आवाज चढायचा.

"डॉक्टरसाहेब, प्लेट ड्रॉइंगप्रमाणं हाय," ते म्हणाले. "रिपोर्ट बघा. एक भोक इकडचं तिकडं नाय."

"मी कुठं नाही म्हणतो," हाश्मी म्हणाले. त्यांनी आमच्यापुढं एक वही सरकवली. "ये देखो. प्लेटच्या खालच्या पेटीत किती हवा उतरली ते मी मोजतो. हिशोबानं जेवढी यायला पाहिजे, त्याच्या निम्मीच येते. भोकं तेवढीच, माप तेच. मग हवा आत का जाईना? म्हणजे माझाच हिशोब गलत. हौ ना?"

"ते तुम्ही बघा," बोराडे म्हणाले.

मला तिथंच थांबता आलं असतं. आमचं काम झालं होतं. पण त्या निम्म्यानं मला टोचलं. निम्मी हवा, आणि माप अगदी बरोबर. इन्स्पेक्शनमध्ये असं काही ऐकलं की माझी झोप उडते. मी म्हटलं, "प्लेट काढून मला परत द्या. एकदा बघते."

बोराड्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांचीच फाइल चव्हाट्यावर टाकली होती.

प्लेट टनेलमधल्या इंजिनाच्या तोंडाच्या मॉडेलमध्ये बसवलेली होती, ते उघडायला अर्धा तास लागला. प्लेट घेऊन मी खिडकीपाशी गेले. दुपारचं ऊन तिरपं आत येत होतं. पिशवीतून भिंग काढलं. आमच्या धंद्यात एक साधी खूण असते. तीक्ष्ण धार चमकत नाही, तिला उजेड धरायला जागाच नसते. धार जरा गोल झाली की तिच्यावर उजेडाची रेघ उठते. मी प्लेट उन्हात हलवली आणि प्रत्येक भोकाच्या एका कडेला बारीक चकाकी उठली. चारशे छत्तीस चकाक्या. सगळ्या एकाच बाजूला.

मला कळायला फार वेळ लागला नाही. भोक तिरपं असलं की त्याच्या पुढच्या कडेला पितळेचं पातळ पातं उरतं, चाकूच्या धारेसारखं. हवा जिकडून येते तिकडं तोंड करून. साय खरवडून आत घ्यायची ती त्यानंच. आमच्या प्लेटवर ते पातं गोल घासून टाकलेलं होतं. सुई भोकात अजूनही बरोबर बसत होती, कारण भोक आतून तेवढंच होतं. फक्त तोंडाशी धार नव्हती. हवा तिथं येत होती आणि गोलाईवरून घसरून पुढं जात होती.

धार कुणी घासली हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडं असलं काम एकच माणूस करायचा. सांडूभाऊ. फिनिशिंगचे फिटर, सोयगावकडचे. वडील मेंढ्या राखायचे. सांडूभाऊ पोरवयात शहरात आले आणि कानशीची पकड शिकले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या नगानं कधी कुणाचं बोट कापलं नाही, हा त्यांचा लौकिक होता. एका नव्या कामगाराचा अंगठा पत्र्याच्या धारेनं नसेपर्यंत चिरला होता, तेव्हापासून ते धारेचे वैरीच झाले होते.

पण त्यांना धार मोडायला, म्हणजे घासून गोल करायला, सांगितलं कुणी? मी फाइल उघडली. हाश्मींच्या मूळ ड्रॉइंगवर कोपऱ्यात हातानं लिहिलं होतं, भोकांच्या कडा तीक्ष्ण ठेवा, मोडू नका. आमच्याकडं ग्राहकाचं ड्रॉइंग सरळ शॉपवर, म्हणजे मशीनवाल्यांकडं, जात नसे. ते आमच्या छापील शीटवर उतरवून घेत. त्या शीटच्या तळाला प्रत्येक कामासाठी एकच ओळ कायमची छापलेली असायची. सर्व धारा मोडाव्यात. उतरवणाऱ्यानं आकडे उतरवले, कोपऱ्यातली टीप उतरवली नाही. छापील ओळ तशीच खाली राहिली. शीटवर "तपासले" या रकान्यात सही होती. ती माझी.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. आकडे मी तीनदा पडताळले होते. कोपरा पडताळला नव्हता.

मी बोराड्यांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते ऐकून कठड्याला टेकले.

"आत काय बोलू नका," ते हळू म्हणाले.

"साहेब, त्यांना वाटतंय त्यांचंच गणित चुकलं."

"वाटू द्या ना. त्यांचं गणित आपण केलं व्हतं का? आपण कबूल केलं की परत इकडचं काम आपल्याला मिळायचं नाय. आन् वर कळवावं लागंल. कुणाचं तरी नाव लागंल. सांडूचं लागंल. त्याचं रिटायरमेंट जवळ आलंय म्याडम, जाता जाता त्याला डाग लावता का?"

त्यांनी बरोबर नस पकडली होती. सांडूभाऊंना मी फार मानायची. नोकरीला लागले तेव्हा मला कानशीचे नंबर त्यांनीच शिकवले होते. मी गप्प राहिले असते तर सांडूभाऊ सुखरूप, कंपनी सुखरूप, मी सुखरूप. आणि शनिवारी हाश्मींनी तीन परक्या माणसांसमोर उभं राहून सांगितलं असतं की माझी कल्पना चालत नाही. ती चालते की नाही हे तर कुणी बघितलंच नव्हतं. बघायची संधी आम्ही घासून टाकली होती.

मला भीती वाटत होती हे लपवत नाही. तरी म्हटलं, "नाव माझं लावा. शीट मी तपासली. सांडूभाऊंनी शीटवर होतं तेच केलं."

"म्याडम, घाई करू नका."

"शनिवार तीन दिवसांवर आलाय साहेब. घाई करावीच लागेल."

मी आत जाऊन हाश्मींसमोर प्लेट ठेवली, भिंग ठेवलं, दोन्ही कागद ठेवले आणि चूक कुणाची ते सांगितलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे हिशोब गलत नाही," ते म्हणाले.

"माहीत नाही सर. एवढंच माहीत आहे की अजून तो तपासलाच गेला नाही."

"शनिवारपर्यंत दुसरी होईल?"

पहिली प्लेट व्हायला नऊ दिवस लागले होते. मी हो म्हटलं. बोराडे दारात उभे होते. त्यांनी मान वळवली, पण नाही म्हणाले नाहीत. ते मी त्यांच्या नावावर जमा धरते.

त्याच संध्याकाळी टूलरूममध्ये सांडूभाऊंना सांगायची पाळी आली. ते हात धुऊन डबा आवरत होते. मी प्लेट दाखवली, कागद दाखवले. त्यांना आधी पटेना.

"चार दिस डोळे फोडले म्याडम म्या ह्येच्यावर," ते म्हणाले. "एकेक भोक काडीनं घासलं. आन् तुम्ही म्हनता त्येच चुकलं?"

"काम चुकलं नाही सांडूभाऊ. तुम्हाला सांगितलं ते चुकलं. चूक माझी आहे."

"पर धार ठिवायची म्हंजी काय? हात कापंल की कुणाचा."

मी साय, शॉक, थकलेली हवा सगळं सांगायला गेले. त्यांनी मध्येच हात वर केला.

"कातर बोथट असली की लोकर तुटत नाय, नुसती वढती," ते म्हणाले. "मेंढरू वरडतं. तसंच हाय का ह्ये?"

मी म्हटलं, तसंच आहे.

"मग पयल्यांदा तसं का नाय सांगितलं?" ते म्हणाले आणि डबा परत टेबलावर ठेवला.

खरी अडचण आता होती. ड्रिल बाहेर पडलं की भोकाच्या तोंडाशी धातूची बारीक कच उभी राहते. तिला बर म्हणतात. बर ठेवला तर हवेला अडथळा. बर काढायला गेलं तर पात्याची धार गोल होते. बर काढायचा पण धार ठेवायची. आमच्याकडं हे कुणी केलं नव्हतं, कारण कुणी मागितलंच नव्हतं. मी कारखान्यातली पुस्तकं चाळली. उपयोग झाला नाही.

सांडूभाऊ प्लेट हातात घेऊन बसले होते. "लाख भरावी," ते म्हणाले.

"काय?"

"आमच्या गावात सोनार पातळ डागिना घडवताना पोटात लाख भरतो. मंग ठोका, घासा, डागिना दबत नाय. ह्या भोकांत लाख भरली तर पात्याला मागून टेका मिळंल. मंग वरून सपाट घासायचं. लाख आन् पितळ एका पातळीत आलं की कच पडंल कुठं? जागाच नाय तिला." थोडं थांबून म्हणाले, "मंग स्पिरिटात बुडवून लाख काढायची."

मी बोराड्यांकडं पाहिलं. ते म्हणाले, "लाख कुठं मिळती?"

"बांगडीवाल्याकडं. मी आणतो सकाळी," सांडूभाऊ म्हणाले.

गुरुवारी दोन्ही शिफ्टला भोकं पाडली. मशीनवरच्या दोन ऑपरेटरांना आळीपाळीनं बसवलं. प्लेट मुद्दाम जरा जाड घेतली होती, वरून घासायला जागा हवी म्हणून. दुपारी एक ड्रिल भोकातच मोडलं आणि ते बाहेर काढण्यात तास गेला. मी तिथंच स्टूल घेऊन बसले होते. माझ्या बसण्यानं भोकं लवकर पडत नव्हती, उलट एका ऑपरेटरनं सांगितलंच, "म्याडम, तुम्ही बघताय त्यानं हात थरथरतो." मी जाऊन चहा पिऊन आले. दोनदा.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते. मशीनं बंद, कॅन्टीन बंद. पण घासायला मशीन लागत नव्हतं. सांडूभाऊ, मी आणि वॉचमन. खिडकीखालच्या टेबलावर काचेसारखी सपाट लोखंडी पाटी ठेवली, तिच्यावर बारीक पावडरची पेस्ट लावली. सांडूभाऊंनी गरम प्लेटवर लाख वितळवून भोकं भरली होती, तिचा वास सगळ्या शॉपमध्ये पसरला होता. ते प्लेट उलटी धरून पाटीवर आठाच्या आकड्यासारखी फिरवत होते. दर दहा मिनिटांनी पुसायची, मी भिंगातून बघायची, परत फिरवायची. बोलणं जवळजवळ नव्हतंच. एकदाच ते म्हणाले, "जन्मभर धार मोडली, आता राखायला बसलो." हसले नाहीत.

तीन वाजता प्लेट स्पिरिटात टाकली. लाख विरघळून तपकिरी धागे वर येऊ लागले. चार वाजता मी ती उन्हात धरली. चकाकी नव्हती. कुठंच नव्हती. मी भिंग न लावता अंगठा फिरवला, तसाच, सवयीनं. अंगठ्यातून रक्त आलं. सांडूभाऊंनी जुन्या सुती कापडाची चिंधी फाडून दिली आणि म्हणाले, "झालं मंग काम."

झालं नव्हतं. भिंगात कोपऱ्यातल्या तीन भोकांचं पातं तुटलेलं दिसलं. तिथं लाख नीट भरली गेली नव्हती. सांडूभाऊंनी तोंड फिरवलं. मी वॉचमनच्या केबिनमधून हाश्मींना फोन लावला. मला हे लपवता आलं असतं. चारशे छत्तीसमधली तीन कुणाला दिसली असती? पण बुधवारचा व्हरांडा अजून ताजा होता.

"तीन?" हाश्मी पलीकडून म्हणाले. "कोणती तीन ते लिहून द्या. ती मी बुजवून टाकतो. बस, लिहून द्या मॅडम."

मी रिपोर्ट लिहिला. व्यास, कोन, अंतरं. आकडे पहिल्या रिपोर्टसारखेच आले. खाली तीन भोकांचे नंबर लिहिले, आणि हातानं एक ओळ, कडा तीक्ष्ण, भिंगातून पाहिल्या.

शनिवारी सकाळी नऊला टाकी भरायला घेतली. दहाला लाइट गेली. हाश्मी कॉम्प्रेसरपाशी उभे राहून नुसते काट्याकडं बघत होते. दाब उतरत नव्हता, चढतही नव्हता. पाऊण तासानं लाइट आली. कमिटी वेळेवर आली. तिघंही माझ्या वडिलांच्या वयाचे, शांत, चहाला नको म्हणणारे. बोराडे नवा शर्ट घालून आले होते. सांडूभाऊंना मी ओढून आणलं होतं. ते मागच्या भिंतीला टेकून उभे होते.

साडेअकराला हाश्मींनी व्हॉल्व्ह उघडला.

एक. दोन. तीन. फुत्कार. मी टेबलाची कड धरली होती. चौथ्या सेकंदाला मॉडेल एकदा थरथरलं, एक ठोका ऐकू आला. पाच. दुसरा ठोका नाही आला. सहा. सात. फुत्कार तसाच सरळ चालू राहिला. आतल्या हवेचं जे सावलीचित्र काचेवर पडत होतं, त्यात शॉकची काळी रेघ जागेवर उभी होती, हलत नव्हती. अकरा. बारा. हवा संपली.

कमिटीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, काही झालं नाही, म्हणजे चाललं असं समजायचं का?

"हो सर," हाश्मी म्हणाले. मग त्यांनी जे केलं ते मी अजून विसरले नाही. ते म्हणाले, "आता जेवण करू या. टाकी भरेपर्यंत मी जुनी प्लेट बसवतो. ती सदोष आहे. तिचाही रन तुम्ही ऐकावा."

बोराडे माझ्या कानाशी म्हणाले, "ह्ये कशाला आता?" त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माझ्याही.

जेवणानंतर जुनी प्लेट लागली. चौथ्या सेकंदाला धडधड. काच थरथरली, टेबलावरची पेनं सरकली. कमिटीतल्या एकानं कानावर हात ठेवले. रन संपल्यावर हाश्मींनी दोन्ही प्लेट त्यांच्यासमोर ठेवल्या आणि भिंग दिलं. फरक काय तो सांगितला. चूक कुठं झाली तेही सांगितलं, आमचं नाव न घेता. वयस्कर गृहस्थांनी विचारलं, ही दुसरी कुणी घासली? हाश्मींनी मागं भिंतीकडं हात केला. सांडूभाऊंनी हात जोडले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेब काय म्हनले त्ये कळलं नाय, पर वाईट नव्हतं ना?" मी म्हटलं, नव्हतं.

टनेलला एक वर्ष वाढवून मिळालं. पुढं आणखी मिळालं, पण ते हाश्मींनी स्वतः मिळवलं.

आमच्याकडं सोमवारी मला लेखी मेमो मिळाला. माझा शिक्का काढून घेतला आणि तीन महिने मला स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्ट मोजायला. बोराडे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग एक दिवस स्वतःच येऊन पिशोरचा गूळ देऊन गेले. सांडूभाऊंच्या नावाला काही लागलं नाही. ते ठरल्या दिवशी रिटायर झाले. शीटवरची ती छापील ओळ काढून तिथं रिकामी जागा ठेवली गेली, म्हणजे प्रत्येकाला आता स्वतः लिहावं लागे. त्याबद्दल शॉपवर मला बऱ्याच शिव्या पडल्या.

वर्षभरानं हाश्मींनी त्यांचा रिपोर्ट पाठवला. चांगल्या प्लेटवर त्यात चार पानं होती. बिघडलेल्या प्लेटवर अकरा. कडा किती गोल झाली की हवा किती कमी उतरते, याचे आकडे तोवर कुणाकडं नव्हते म्हणे. बाहेरून पत्रं आली ती सगळी आमच्या चुकीबद्दल विचारणारी. शेवटच्या पानांवर दोन्ही इन्स्पेक्शन रिपोर्ट जसेच्या तसे छापले होते. व्यास सारखा, कोन सारखा, अंतरं सारखी. दोन्हींवर माझी सही. एक प्लेट बारा सेकंद गप्प राहिली आणि दुसरी पत्रा बडवत राहिली, हे त्या दोन कागदांवरच्या आकड्यांवरून जगात कुणालाही सांगता आलं नसतं.

शिक्का परत मिळाल्यावर मी एक सवय लावून घेतली. मोठा नग मोजायला घेण्याआधी ग्राहकाला फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, हा भाग करतो काय? बोराड्यांना तो फोनचा खर्च कधी आवडला नाही. निवृत्त होईपर्यंत मी शेकड्यांनी असे फोन केले. निम्म्या लोकांना उत्तर माहीत नसायचं. ते म्हणायचे, मॅडम, विचारून सांगतो.